आत्याचा आवाज, गोटीचा गळा

२ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं असशील आणि मग वहिनीला हाक मारली असशील, हे मला इथे बसून दिसतंय. फोन असताना कोण पत्र लिहितं? पण फोनवर बोलावं लागतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय. घशाच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडाला महिनाभराचं कुलूप लावलंय. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही. स्वरतंतू सुजलेत म्हणे. घाबरण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. ते मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले.

झालं काय, ते सांगते. मागच्या शनिवारी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. शेवटी ते गाणं आलंच. ते म्हटल्याशिवाय लोक मला घरी सोडत नाहीत, हे तुला माहीत आहे. शेवटच्या कडव्यात आवाज सरळ शिडी चढून गच्चीवर जातो ना, तिथे मी पोचले, तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. पाणी गेल्यावर नळ जसा फुसफुसतो, तेवढाच आवाज. मी काय करणार? हात पसरून उभी राहिले. लोकांना वाटलं, बाई आपल्याला गायला सांगतायत. सगळा हॉल गायला लागला! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की, गायिकेने आपली सर्वांत लाडकी जागा रसिकांना बहाल केली. बहाल कसली, हातातून सुटली. माझ्या कीबोर्डवाल्याने मात्र मान वर करून पाहिलं आणि लगेच खाली घातली. तेवढ्यानेच मला घाम फुटला.

आता घरात पाटी आणि खडू घेऊन बसले आहे. गंमत म्हणजे माझ्या स्वयंपाकीणबाईही कुजबुजायला लागल्यात. काल तर त्यांनी माझ्या हातातली पाटी घेतली आणि ‘भाजी कोणती करू?’ असं लिहून मला दाखवलं. मला ऐकू येतं हो, असं मी खाली लिहिलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पाटीवरच लिहिलं, ‘बरं.’

गोटी कशी आहे? तिचा कॉम्प्युटरचा क्लास संपला का? लहानपणी टेप लावून, माझी गाणी म्हणून तुझं घर डोक्यावर घ्यायची ती पोर आणि आता वर्षभर आत्याला साधा फोन नाही. माझ्यावर रागावली असेल तर का, ते तरी कळू दे.

उत्तर लिही. औषधाच्या चिठ्ठीतल्या अक्षरात नको, माणसाला वाचता येईल असं. तुझा लोभ आहेच, पण या महिन्यात नेहमीपेक्षा थोडा जास्त लागेल, तो पाठवावा.

तुझी,
मुकी भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गप्प बसली आहेस, असं घरात सांगितलं तेव्हा तुझ्या वहिनीने उठून कॅलेंडर पाहिलं. एप्रिलची एक तारीख नाही, अशी खात्री झाल्यावर मग तिने काळजी करायला सुरुवात केली. तिने घशासाठी नऊ उपाय सांगितले आहेत. मी ते लिहीत नाही, कारण त्यातले पाच करताना तोंड भाजतं.

अगं, आपल्या घराण्याचं पोटच तोंडावर चालतं. तू तोंड उघडून कमावतेस, मी लोकांना तोंड उघडायला लावून. माझ्या खुर्चीत बसलेला माणूस बोलू शकत नाही आणि मला मात्र गप्पांची हौस, त्यामुळे मुक्या माणसांशी बोलायची मला सवय आहे. तू नुसती ऐक.

तुझं पत्र वाचताना मला ती दंतमंजनाची गाडी आठवली. तू पंधरा वर्षांची. गाडीवर कर्णा, कर्ण्यामागे तू आणि दिवसभर तीच दोन ओळींची जाहिरात. पगार थोडा आणि वर मंजनाचे डबे. आपल्या घरी दोन वर्षं सगळ्यांचे दात असे चमकायचे की, पुढे मी दातांचा डॉक्टर झालो यात नवल काही नाही. मग त्या दिवशी ते संगीतकार तुमच्या मागे अडकले. गल्ली अरुंद, त्यांच्या मोटारीला पुढे जाता येईना आणि तू आपली गातेच आहेस. शेवटी ते वैतागून उतरले आणि तुला म्हणाले की, पोरी, तुझा एक सूर हलतोय. तू वरून ऐटीत उत्तर दिलंस की, सूर हलत नाही, कर्णा हलतोय, त्याचा एक स्क्रू ढिला आहे. त्यांनी खरंच हात लावून पाहिला. मग तुला हसत हसत पत्ता दिला. पण पुढची सात वर्षं तू कोरसमध्ये मागच्या रांगेत ‘ला ला ला’ करत होतीस, हे लोक विसरतात. आई सिनेमा बघताना सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची की, डावीकडून तिसरा ‘ला’ आमचा आहे.

तेव्हा महिनाभर गप्प बसणं तुला जड जाऊ नये. घशाचं नक्की काय आहे, ते मात्र डॉक्टरांना डोळ्यात डोळे घालून विचार.

गोटी बरी आहे. क्लास चालू आहे. हल्ली बरेचदा बाहेरगावी असते. प्रॅक्टिकल असतात.

वहिनी तुला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवते आहे, असं समज. माझ्या लोभाला कीड लागलेली नाही, एवढं तपासून सांगतो.

तुझा,
दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल बाहेरगावी असतात, हे मला नवीन आहे. असो. तुमच्याकडे असतील.

डॉक्टरांना डोळ्यात डोळे घालून विचारलं. सूज गेली. परवापासून बोलायची परवानगी आहे. पण वरचे सूर गेले ते गेले, ते आता यायचे नाहीत. आजार नाही, वय आहे. ते म्हणाले की, सगळी गाणी खालच्या पट्टीत घ्या, अजून वीस वर्षं आरामात गाल. मी पाटीवर लिहिलं, ‘मग तुम्हीच गा.’ ते हसले. मला हसू आलं नाही. दादा, लोक तिकीट काढून येतात ते त्या एका जागेसाठी. गच्ची काढून घेतली, तर त्या घरात बघायला उरतं काय?

आणि एप्रिलमध्ये माझ्या गाण्याला तीस वर्षं झाल्याचा मोठा कार्यक्रम आहे. पोस्टरं लागली आहेत. माझं तोंड प्रत्येक भिंतीवर उघडं आहे आणि मी घरात ते मिटून बसले आहे.

काल आमचे मॅनेजर एक कॅसेट घेऊन आले. काही न बोलता लावली. तेच गाणं. मी ऐकलं आणि पाटीवर विचारलं की, हे माझं कोणत्या वर्षाचं रेकॉर्डिंग? मला तर आठवत नाही. स्वयंपाकीणबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या की, बाईंचा आवाज तेव्हा किती कोवळा होता नाही! मॅनेजर एवढे खूश झाले की, खुर्चीत मावेनात. ती मी नव्हेच. तुमच्याच भागातल्या एका ऑर्केस्ट्रात कोणी मुलगी गाते. तिचं नावसुद्धा पोस्टरवर नसतं, नुसतं ‘हुबेहूब तोच आवाज’. माझा प्रत्येक हेलकावा, प्रत्येक श्वास तिने उचललाय. अंगावर काटा आला. आधी कौतुकाचा, मग दुसरा.

मॅनेजरांची युक्ती अशी की, कार्यक्रमात ते गाणं आलं की, त्या मुलीने पडद्यामागे माइकवर गायचं आणि मी पुढे उभं राहून ओठ हलवायचे. कोणाला कळणार नाही. मी ‘नाही’ लिहायला पाटी उचलली, तर खडू सापडेना. खडू सापडेपर्यंत माझं मत बदललं होतं. खोटं कशाला सांगू?

तो ऑर्केस्ट्रा पुढच्या आठवड्यात तुमच्या गावात आहे. जाऊन ये आणि मुलगी कशी आहे, घरची माणसं कशी आहेत, तोंडाची पक्की आहे का, ते कळव. तू गेलास म्हणजे मी गेल्यासारखंच.

लोभ ठेव. या पत्रानंतर कमी करावासा वाटला, तर आधी फोन कर.

तुझी,
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे अक्कलदाढांची साथ आली आहे. त्यामुळे ऑर्केस्ट्राला जाता आलं नाही. वहिनी गेली होती, पण तिला सर्दी असल्याने नीट ऐकू आलं नाही. मुलगी बरी असावी. घरची माणसंही बरी असावीत. तू या भानगडीत पडू नयेस, असं मला वाटतं. का, ते मी लिहीत नाही. ज्याचं त्याने लिहावं. लिहायला बसवलं आहे.

बाकी हवा छान आहे.

दादा

ता. क. मला सर्दी झालेली नाही. — वहिनी


८ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न.

आत्या, बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसलाय. पत्र पूर्ण झाल्याशिवाय मला उठू देणार नाही म्हणतो. तसं त्याने केलं नसतं तरी मी लिहिणारच होते. कॅसेटवरची मुलगी मी आहे.

कॉम्प्युटरचा क्लास मी पहिल्याच महिन्यात सोडला. मला गायचं होतं. तुझ्याकडे आले असते तर तू चार ठिकाणी शब्द टाकला असतास आणि मला ते नको होतं. म्हणून तुझं नातं न सांगता मीच सगळीकडे गेले. रेडिओच्या चाचणीला तिघं जण बसले होते. मी गायला लागले तसे तिघांनीही डोळे मिटले आणि हसले. मला वाटलं, झालं काम. मग त्यातल्या बाई म्हणाल्या की, फार गोड गातेस, पण हा आवाज आमच्याकडे आहे. एका संगीतकारांनी विचारलं की, त्या बाई अजून गातात ना? जशी काही मी तुझ्या खुर्चीसाठी रांगेत उभी आहे. आत्या, मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की, घरी येऊन मी तुझ्या सगळ्या कॅसेट माळ्यावर टाकल्या. पण गळ्यातून कशा काढणार? मी बोलायला लागायच्या आधीपासून तुझी गाणी ऐकते. मला वेगळं गाता येत नाही. येतच नाही.

मग ऑर्केस्ट्रा मिळाला. तिथे मात्र माझी चंगळ आहे, कारण तिथे त्यांना तूच हवी असतेस. टाळ्या खूप पडतात. त्या पडताना लोक बघत असतात माझ्याकडे आणि वाजवत असतात तुला. म्हणून तुला फोन केला नाही. तुझ्याशी तुझ्याच आवाजात काय बोलू, असं वाटायचं.

मॅनेजरकाका आले, तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. लहानपणी त्यांच्या पाठीवर बसून मी तुझं घर फिरले आहे, पण तेव्हा मला दोन वेण्या होत्या. त्यांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. बाबा चिडलाय. पण आत्या, मला मनापासून करायचंय. तुझ्या उपयोगी पडेन आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकदा गाऊन होईल. पडदा काय, डोळे मिटले की नसतोच.

रागावली असशील तर पत्र नको पाठवू. नसशील तर लवकर पाठव.

तुझ्या लोभावर अजून हक्क सांगणारी,
गोटी


१४ मार्च

चि. गोटीस,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

रागावले होते. चहा होईपर्यंत रागावले होते. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि स्वयंपाकीणबाईंना वाचून दाखवलं. आता मला बोलता येतं, पण त्यांना पाटीची इतकी सवय झाली आहे की, त्यांनी डोळे पुसले आणि लिहिलं, ‘पोरीला बोलवा.’

तर ये. मोठेपणाने ‘नाही’ म्हणावं असं माझ्या मनात रोज सकाळी येतं आणि दुपारपर्यंत जातं. हे गाणं त्या हॉलमध्ये पडलं, तर लोक तीस वर्षं विसरतील आणि तेवढंच लक्षात ठेवतील, ही भीती मला झोपू देत नाही. परकी मुलगी असती तर कदाचित नाही म्हटलं असतं. तू घरातली. घरचा आवाज घरच्याच कामाला आला, असं मी स्वतःला समजावते आहे आणि बऱ्यापैकी समजतही आहे.

एक मात्र सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या पोटात दुखेल. तिसऱ्या ओळीच्या मधोमध तू जो श्वास घेतेस आणि पुढचा शब्द किंचित उडवतेस, ज्याला सगळे माझी खास जागा म्हणतात, ती जागाबिगा काही नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला उचकी लागली होती. वादक थकलेले, संगीतकार भुकेले, म्हणाले की, चालेल, गोड वाटतंय. तेव्हापासून गावोगावच्या मुली माझी उचकी घोटवतायत आणि तू तर तिला इतकं छान वळण दिलंयस की, माझीच उचकी मला नव्याने आवडली.

रिहर्सल दहा एप्रिलपासून. बाबाला मी समजावते.

तुझ्यावरचा लोभ शिल्लक आहे का, असं पुन्हा विचारलंस तर दुसरा धपाटा.

आत्या


२१ मार्च

सुप्रसिद्ध गायिका महोदया यांस,

स. न. वि. वि.

आपलं समजावणीचं पत्र मिळालं. समजलं नाही.

मी कवळ्या बनवतो. कवळी लावून हसण्यात लाज नाही, असं मी दिवसातून दहा माणसांना सांगतो आणि ते खरं आहे. वयाने दात गेले, नवे लावले, जेवलो, हसलो, झालं. पण कोणी येऊन मला म्हणालं की, डॉक्टर, त्या समोरच्या पोरीचे दात छान आहेत, ते काढून मला बसवा, तर मी त्याला खुर्चीतून उठवून बाहेर काढेन. आणि पोरगीच तोंड उघडून ‘घ्या’ म्हणाली, तर तिलाही काढेन.

ती ‘हो’ म्हणतेय ते तुझ्यावरच्या प्रेमाने, हे तुला कळतं. तिला आधीच सगळे सांगतायत की, तू म्हणजे तुझी आत्या. आता आत्यानेही तेच सांगायचं का?

गोटी सज्ञान आहे, तिला मी अडवणार नाही. गाडीत बसवून देईन. कार्यक्रमाला मी येणार नाही. वहिनीही येणार नाही, आणि यावेळी ती ता. क. लिहिणार नाही.

आपला,
एक दातांचा डॉक्टर


२५ एप्रिल

ती. बाबांस,

शि. सा. न.

फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस, म्हणून कार्यक्रमाचं सगळं नीट लिहून पाठवते. आईला मोठ्याने वाचून दाखव.

रिहर्सल सुरळीत झाल्या. मी मागे गायचे, आत्या पुढे ओठ हलवायची. साउंडवाले काका अंगठा दाखवायचे. दुसऱ्या दिवशी आत्या एकदम थांबली आणि पाणी प्यायला गेली. परत आल्यावर मला म्हणाली की, तू वर चढत होतीस आणि मी नुसतं तोंड उघडून उभी होते, अगदी दादाच्या खुर्चीतल्या पेशंटसारखी. बाकी कोणाला काही बोलली नाही. तुझं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. घडी इतकी उलगडली होती की, ती फाटायला आली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी काळ्या पडद्यामागे. बाजूला वायरींची वेटोळी आणि आग विझवायची लाल बादली. तिथून आत्याची पाठ आणि चपला दिसायच्या. बाकीची गाणी तिने सोपी सोपी निवडली होती, ती छान झाली. मग ते गाणं. मी माइक हातात घेतला, श्वास भरला आणि कीबोर्ड वाजायला लागला तो भलत्याच पट्टीत! चांगला चार पट्ट्या खाली. मला वाटलं, काकांची बोटं चुकली. कुठून सुरू करू, ते कळेना. त्या पट्टीत तू आहेस कुठे, आत्या, असं मी मनात म्हणतेय, तोवर ती स्वतःच गायला लागली.

बाबा, तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. जाड होता. थोडा खरखरीत. आधी हॉलमध्ये चुळबूळ झाली. लोक एकमेकांकडे बघत होते, हे मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. शेवटच्या कडव्यात ती शिडीपर्यंत आली आणि वर गेलीच नाही. खाली उतरली आणि तिथेच शांत बसून राहिल्यासारखी सुरावर थांबली. बाल्कनीतून एक जण ओरडला, वर! आत्याने गाणं थांबवलं. मला वाटलं, आता संपलं. ती म्हणाली की, अहो, वर आता कोणी राहत नाही, मी तळमजल्यावर राहायला आलेय, गुडघ्यांना बरं पडतं, तुम्हीच खाली या. सगळा हॉल हसला. तो माणूसही हसला असावा, कारण पुढे ओरडला नाही. मग तिने पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला कोणी चुळबूळ केली नाही.

सगळं गोड झालं असं नाही. काही लोक मध्येच उठून गेले. एका पेपराने लिहिलंय की, आवाज थकला. मॅनेजरकाका दोन दिवस बोलत नव्हते. त्यांना तिने काही सांगितलंच नव्हतं, फक्त कीबोर्डवाल्या काकांना माहीत होतं. आत्या म्हणते की, तिचंही शेवटच्या मिनिटापर्यंत नक्की नव्हतं. मी मागे उभी होते म्हणूनच धीर झाला म्हणे. पडले असते तर धरायला कोणीतरी होतं.

मी मागे अख्खा वेळ गप्प उभी होते. गाणं संपल्यावर आत्या पडदा बाजूला करून आत आली आणि म्हणाली की, उगाच उभी राहिलीस, पाय दुखले असतील. मी खूप रडले. वाईट वाटून नाही. तिचा आणि माझा आवाज वेगळा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

ऑर्केस्ट्रा सोडला आहे. आत्या म्हणते, इथेच राहा. तिने मला तिची गाणी म्हणायला बंदी घातली आहे.

आईला नमस्कार. तुझा ‘हं’ मला आता पुरत नाही, पूर्ण वाक्य पाठव.

गोटी


३० जुलै

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझी लेक माझ्याकडे सुखात आहे आणि मला छळते आहे. सकाळी तिला मी खालच्या सुरांत बसवते, कारण तिथे मी तीस वर्षांत कधी गेले नाही, तेव्हा तिला नक्कल करायला काही सापडत नाही. पहिले पंधरा दिवस शेपटी अडकलेल्या मांजरासारखी ओरडायची. स्वयंपाकीणबाईंनी कानात कापूस घातला आणि मग खरोखरच पाटीची गरज पडू लागली. आता बरं आहे. कधी कधी तर मी दाराशी थांबून ऐकते. मी तिला सूर देते, मग ती मला देते, कारण माझीही खालची पट्टी नवीन आहे. आम्ही दोघी एकाच इयत्तेत आहोत. ती जरा पुढे आहे.

माझे कार्यक्रम कमी झालेत, हॉल लहान झालेत. पहिल्या रांगेतल्या माणसांचे चेहरे दिसतात, हे मला आवडायला लागलंय. मॅनेजर म्हणतात की, सवय होईल. कोणाची, ते सांगत नाहीत.

गोटीला काम अजून नाही. तिच्यासाठी मी शब्द टाकलेला नाही. तिने टाकू दिला नाही. परवा एका ठिकाणाहून नकार घेऊन आली ती नाचतच. त्यांनी सांगितलं म्हणे की, आवाज चांगला आहे, पण कोणासारखाच वाटत नाही. नकाराबद्दल मला इतकी घट्ट मिठी आजवर कोणी मारली नव्हती.

आणि दादा, मार्चमधल्या तुझ्या पत्राचा राग मला आला होता. अजून थोडा आहे. तेवढा राहू दे. तुझ्या लोभासोबत ठेवला आहे, दोघांचं बरं जमतंय.

तुझी,
भिंगरी


१९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा बरं आहे, असं मान.

काल सकाळची गोष्ट. खुर्चीत आमच्या पोस्टातले हेडक्लार्क, तोंड उघडं, दाढेत माझं मशीन. कोपऱ्यात रेडिओ चालू होता, मी कधी लक्ष देत नाही. पण काल एक गाणं लागलं आणि मी मशीन बंद केलं. साधंच गाणं होतं, कोणाची तरी वाट बघण्याचं. आवाज एका बाईचा, तरुण असावी, पण घाई नाही. एकेक शब्द असा खाली ठेवत होती, जसं आपण झोपलेल्या मुलाला ठेवतो. मी असिस्टंटला रेडिओ मोठा करायला सांगितलं. ती म्हणाली की, हेडक्लार्कसाहेबांचं तोंड उघडं आहे. मी म्हटलं की, राहू दे, त्यांनाही ऐकू येतंय. मनात म्हटलं, भिंगरीला फोन करून विचारू, ही नवीन कोण आली आहे. तुझ्यासारखी नव्हती. कोणाचीच आठवण झाली नाही.

गाणं संपलं आणि निवेदिकेने नाव सांगितलं. आपलं आडनाव ऐकून मी म्हटलं, अरे वा, आपल्या आडनावाची कोणी गायला लागली वाटतं. असिस्टंट माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने हळूच आडनावाआधीचं नाव पुन्हा सांगितलं. घरात आम्ही तिला गोटीच म्हणतो गं. तिचं शाळेतलं नाव कानावर पडून किती वर्षं झाली.

मी स्टुलावर बसलो. हेडक्लार्क बिचारे आ वासून तसेच. त्यांना काही म्हणायचं असावं, पण तोंडात कापूस होता. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्यांची दाढ मी दुपारी पूर्ण केली, फुकट.

तू आणि गोटीने आम्हाला काही कळू दिलं नाहीत, ते का, ते वहिनीने फोनवर तुला विचारलंच आहे. ती म्हणते, तिने पहिल्या शब्दाला ओळखलं. म्हणू दे. मी ओळखलं नाही. हे पोरीला सांगावं की नाही, यावर मी दुपारभर विचार केला. बापाने मुलीचा आवाज ओळखू नये, हे काय सांगण्यासारखं आहे का? पण मला पोटात ठेवता येत नाही, हे तुला माहीत आहे. संध्याकाळी फोन लावला आणि सांगून टाकलं की, गोटे, मी अख्खं गाणं ऐकलं आणि तू आहेस, हे मला कळलंच नाही.

मला वाटलं, दुखावली. ती म्हणाली की, बाबा, पुन्हा सांग.

मी पुन्हा सांगितलं.

तुला काय लिहू? लोभ मागायचा रिवाज आहे. माझ्याकडे आज इतका आहे की मीच थोडा पाठवतो.

तुझा,
दादा